निनावी देवघेव : फाइलवाटपाची साधने आणि अनामिकतेची जाळी

१. प्रश्नाचे स्वरूप

अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ पर्यंत जो अहमदनगर या नावाने ओळखला जाई त्या जिल्ह्यातील, कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवर दहा-बारा वर्षांपूर्वी ‘येथे डाउनलोडिंग करून मिळेल’ अशी पाटी हमखास आढळे. गिऱ्हाइकाने मेमरी कार्ड काउंटरवर ठेवावे, दुकानदाराने ते संगणकास जोडून गाणी आणि चित्रपट त्यात भरावेत, आणि ठरलेले पैसे घेऊन ते परत करावे, असा तो सरळ व्यवहार होता; त्यात कोणी कोणाचे नाव विचारीत नसे, की कोणत्या दप्तरी त्याची नोंद होत नसे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले, तशी ती पाटी हळूहळू उतरली आणि दुकानातले काम ज्याच्या त्याच्या फोनमध्ये आले. परंतु हा बदल केवळ सोयीचा नव्हता. टॉरेंट नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने जो फाइल उतरवून घेतो, तो त्याच क्षणी आपला आयपी पत्ता अनोळखी माणसांपुढे उघडा करीत असतो. क्यूबिटटॉरेंटसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘पीअर्स’ हा कप्पा उघडून पाहिला असता, समोरच्या प्रत्येक सहभागीचा पत्ता, त्याच्या देशाचा लहानसा ध्वज, त्याने वापरलेल्या प्रोग्रॅमचे नाव आणि फाइलचा किती हिस्सा त्याच्यापाशी जमला आहे याची टक्केवारी ओळीने मांडलेली दिसते. आणि आपणही इतरांच्या पडद्यावर तशाच एका ओळीत बसलेलो आहोत, हे ध्यानी येते. दुकानातील देवघेव निनावी होती. जाळ्यावरील देवघेव तशी नाही.

या उघडेपणावर उतारा म्हणून गेली वीस-एक वर्षे एक कल्पना पुनःपुन्हा मांडली जात आहे : फाइलवाटपाचा प्रोग्रॅम टॉर किंवा आयटूपी यांसारख्या अनामिकतेच्या जाळ्यास जोडावा, म्हणजे देणारा आणि घेणारा दोघेही दृष्टीआड होतील. हे तांत्रिकदृष्ट्या साध्य आहे काय, साध्य असल्यास त्याचा भार कोणी सोसावा, आणि आपल्या कायद्यात त्यास स्थान कोणते, या तीन प्रश्नांवर आजवर जे मंथन झाले त्याचा हिशेब मांडणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. एक गोष्ट मात्र आरंभीच नोंदवितो. या वादातील पुष्कळसा गोंधळ, वाहून नेणारे साधन आणि वाहिला जाणारा माल यांचे प्रश्न एकत्र कालविल्यामुळे झालेला आहे. ते वेगळे ठेवले तर उभय पक्षांचे म्हणणे बरेच स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२. पूर्वपीठिका

पाठविणाऱ्याचा ठाव लपवून मजकूर लोकांपर्यंत पोहोचविण्याची खटपट या प्रांतास अपरिचित नाही. १९४२ च्या ऑगस्टात काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणून डांबण्यात आले, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. प्रक्षेपक एका जागेवरून दुसऱ्या जागी सतत हलविला जात असे. तरीही १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडलाच, आणि त्यास लहरींचा माग काढणाऱ्या गाड्यांइतकीच आतल्या तंत्रज्ञाची फितुरीही कारण झाली. संदेश वाटेत सुरक्षित असूनही तो टोकाशी पकडला जातो, हा जो अनुभव त्या वेळी आला, तो पुढील विवेचनात वारंवार भेटणार आहे.

संगणकांच्या युगात या विषयाचा शास्त्रीय पाया डेव्हिड चाउम यांनी १९८१ मध्ये घातला. संदेश थेट न पाठविता मध्यस्थांच्या मालिकेतून न्यावा, आणि प्रत्येक मध्यस्थाने आपल्याकडे आलेल्या संदेशांचा क्रम मोडून ते पुढे धाडावेत, म्हणजे आत आलेला कोणता आणि बाहेर गेलेला कोणता याची सांगड घालता येणार नाही, हा त्यांचा मूळ विचार. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लाग, मायकल रीड आणि पॉल सिव्हरसन यांनी त्यास वेगवान रूप दिले. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सिव्हरसन यांच्यासह टॉर घडविले. २००२ मध्ये ते प्रथम चालू झाले, २००४ मध्ये त्याची रचना शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाली, आणि २००६ पासून त्याचा कारभार एक ना-नफा संस्था पाहते. लष्करी प्रयोगशाळेत जन्मलेले हे साधन सर्वांस खुले करण्याचे कारण तत्त्वाइतकेच व्यवहाराचेही होते : ज्या जाळ्यात केवळ नौदलाचीच माणसे वावरतात, त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच ठरतो, गर्दी जितकी संमिश्र, तितके लपणे खरे.

फाइलवाटपाचा प्रवाह याच सुमारास पण वेगळ्या उगमातून निघाला. १९९९ मध्ये आलेले नॅपस्टर मध्यवर्ती यादीवर चाले, म्हणून २००१ मध्ये न्यायालयीन आदेशांपुढे ते बंद पडले. २००० मधील न्यूटेला या प्रणालीने मध्यवर्ती यादीच काढून टाकली, आणि २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी रचलेल्या बिटटॉरेंटने तर फाइलचे तुकडे करून घेणाऱ्यासच देणारा बनविले. या साऱ्यांचे ध्येय वेग आणि टिकाव हे होते. गुप्तता त्यांच्या विषयपत्रिकेवर नव्हतीच. अपवाद होता तो एडिंबरो विद्यापीठात शिकत असताना इयन क्लार्क यांनी कल्पिलेल्या आणि २००० मध्ये प्रकट झालेल्या फ्रीनेटचा. त्यात वाटप आणि लपणे ही दोन्ही कामे एकाच रचनेत विणलेली होती. एक साधन उघड बोलण्यासाठी घडले, दुसरे मौनासाठी; त्यांची गाठ घालू पाहण्यातूनच आजचा वाद उपजला.

३. जोडणी केली असता काय घडते

टॉरची कार्यपद्धती थोडक्यात अशी. पाठविणाऱ्याचा प्रोग्रॅम जगभरच्या काही हजार स्वयंसेवी केंद्रांतून तीन केंद्रे निवडतो आणि मजकुरावर पाकिटात पाकीट घालावे तसे तीन थर चढवितो. पहिले केंद्र वरचे पाकीट फोडते. त्यास पाठविणारा कळतो, परंतु मजकूर व अंतिम पत्ता कळत नाही. तिसरे, ज्यास निर्गमनकेंद्र म्हणू, ते शेवटचे पाकीट फोडून मजकूर खुल्या इंटरनेटवर सोडते. त्यास ठिकाण कळते, पाठविणारा कळत नाही. पलीकडच्यास दिसतो तो निर्गमनकेंद्राचा पत्ता. वरवर पाहता टॉरेंटचा प्रोग्रॅम या वाटेस लावण्यास काहीच अडचण दिसत नाही : सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ असे सदर असते, तेथे टॉरचा स्थानिक पत्ता आणि पोर्ट लिहिला की काम झाले, असा समज होतो.

हा समज किती भ्रामक आहे हे २०१० च्या एप्रिलात डिंगलडाइन यांनी टॉर प्रकल्पाच्या वतीने जाहीरपणे सांगितले, आणि फ्रान्सच्या इनरिया या संशोधनसंस्थेतील मंडळींनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचा सप्रयोग दाखला दिला. केवळ सहा निर्गमनकेंद्रे चालवून, २३ दिवसांच्या अवधीत त्यांनी टॉरमागे दडलेल्या सुमारे १०,००० संगणकांचे खरे पत्ते काढले. त्यासाठी त्यांना टॉरचे कुलूप फोडावे लागले नाही. टॉरेंटच्या प्रोग्रॅमच्या स्वभावाचाच त्यांनी उपयोग करून घेतला. हा भाग या विषयाचे मर्म असल्यामुळे तो थोडा विस्ताराने पाहू.

पहिली गोष्ट अशी की, टॉरेंटचा प्रोग्रॅम एकाच मार्गाने बोलत नाही. कोणत्या फाइलचे कोण कोण वाटेकरी आहेत हे तो ‘ट्रॅकर’ नावाच्या नोंदणीकेंद्रास विचारतो, प्रत्यक्ष तुकड्यांची देवघेव वाटेकऱ्यांशी करतो, आणि ट्रॅकर नसल्यास वाटेकऱ्यांच्याच पसरलेल्या सामाईक यादीत चौकशी करतो. यांपैकी फक्त पहिले संभाषण टॉरमधून आणि बाकीची थेट, अशी मांडणी पुष्कळ लोक करीत; टॉरचा वेग मंद असल्याने जड माल थेट मार्गाने न्यावा आणि नाव मात्र लपवावे हा त्यामागील हिशेब. पण ज्या वाटेकऱ्याशी थेट जोडणी होते त्यास खरा पत्ता मिळतोच, मग ट्रॅकरपाशी लपून साधले काय? दुसरी गोष्ट : ती सामाईक यादी यूडीपी या पद्धतीने चालते, आणि टॉर केवळ टीसीपी पद्धतीचीच वाहतूक करते. प्रॉक्सी नीट लिहिलेली असली तरी ही चौकशी टॉरच्या दारावरून परत फिरते व पुष्कळदा सरळ बाहेर पडते, आणि वापरणाऱ्यास त्याची वार्ताही नसते. तिसरी गोष्ट : काही प्रोग्रॅम ट्रॅकरला धाडावयाच्या संदेशाच्या पोटातच आपला पत्ता लिहून पाठवीत. पाकिटावर पत्ता नसला तरी आतल्या कागदावर तो स्वहस्ते लिहिलेला असेल, तर वाहकाचा काय दोष? चौथी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ट्रॅकरचे उत्तर सांकेतिक केलेले नसेल, तर दुष्ट निर्गमनकेंद्र त्या उत्तरातील यादीत स्वतःचा पत्ता घुसडू शकते. मग भाबडा प्रोग्रॅम त्या पत्त्याशी थेट बोलावयास जातो आणि सापडतो.

या चारांहूनही चिंताजनक असे जे निघाले ते हे, की टॉर एकाच मार्गिकेतून थोडा वेळ अनेक संभाषणे नेत असे; त्यामुळे टॉरेंटने पत्ता फोडला की त्याच मार्गिकेतून त्याच वेळी चाललेले इतर वाचन, पत्रव्यवहार यांचाही धनी उघड होई. ज्याने चित्रपट उतरविण्यासाठी टॉर लावला त्याने आपली निर्दोष कामेही सोबत उघडी पाडली. टॉरच्या कर्त्यांनी यानंतर वेगवेगळ्या कामांच्या मार्गिका अलग ठेवण्याची तजवीज केली, आणि हा दोष बराच आटोक्यात आला. मूळ दोष मात्र टॉरेंटच्या बाजूस असल्याने तो टॉरने नाहीसा होण्याजोगा नव्हता.

भाराचा प्रश्न स्वतंत्र आहे. २००८ मध्ये डेमन मॅकॉय आणि सहकाऱ्यांनी टॉरमधील वाहतुकीचे जे मोजमाप प्रसिद्ध केले, त्यात जोडण्यांच्या संख्येत बिटटॉरेंटचा वाटा अवघा ३.३३ टक्के होता, तर वाहिलेल्या मालात तो ४०.२ टक्के निघाला. सामान्य वेबपाने चाळणारे बहुसंख्य, आणि वाट मात्र मूठभरांनी अडविलेली, असे ते चित्र. एक गिगाबाइटचा चित्रपट तीन केंद्रांतून नेणे म्हणजे ती तीनही केंद्रे तितकाच माल एकदा आत घेणार आणि एकदा बाहेर देणार. तो खर्च परदेशातील कोणा विद्यापीठाचा वा एकट्या स्वयंसेवकाचा. शिवाय हक्कधारक कंपन्यांच्या नोटिसा निर्गमनकेंद्र चालविणाऱ्याच्याच नावे येतात, कारण पत्ता त्याचा दिसतो. याचसाठी टॉरच्या मूळ निर्गमन-धोरणात ६८८१ ते ६९९९ हे बिटटॉरेंटचे जुने पोर्ट, ६६९९ हा नॅपस्टरचा, आणि १२१४ हा कझा या फाइलवाटपाच्या प्रणालीचा पोर्ट प्रथमपासून बंद ठेवलेले आहेत. हा बंदोबस्त अपुरा आहे, कारण आजचे प्रोग्रॅम कोणताही पोर्ट घेतात. पण चालविणाऱ्यांचा कल काय होता, हे त्यावरून स्वच्छ कळते.

४. दुसरी वाट

या अनुभवातून संशोधकांचा एक मोठा वर्ग अशा निष्कर्षास आला की, बोलक्या प्रोग्रॅमवर बाहेरून मौन लादता येत नाही. अनामिकता रचनेतच असावी लागते. २००३ पासून वाढत आलेली आयटूपी ही प्रणाली या विचाराची प्रमुख प्रतिनिधी. येथे खुल्या इंटरनेटवर उतरण्याचा हेतूच नाही; देणारा आणि घेणारा दोघेही जाळ्याच्या आतच राहतात, पत्त्यांच्या जागी सांकेतिक ओळखी वापरल्या जातात, जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी असते, आणि जो वापरतो तो सामान्यतः इतरांचा माल वाहण्यासही बांधलेला असतो. आयटूपीस्नार्क हा टॉरेंटचा प्रोग्रॅम या प्रणालीबरोबरच येतो. टॉरच्या कर्त्यांनी टॉरेंटला नको म्हटले, आयटूपीच्या कर्त्यांनी त्याचे स्वागत केले, आणि यात विसंगती नाही; जेथे वाहणारा तोच वापरणारा, तेथे भाराची तक्रार आपोआप मंद होते. २०२३ च्या अखेरीस आलेल्या क्यूबिटटॉरेंटच्या ४.६ या आवृत्तीने आयटूपीची जोडणी प्रायोगिक म्हणून देऊ केली, त्यामुळे हा मार्ग सर्वसामान्य वापरणाऱ्यांच्या हाताशी आला. परंतु त्यातच एक ‘मिश्र’ पर्यायही आहे. तो निवडला तर तीच फाइल उघड्या वाटेकऱ्यांकडूनही घेतली जाते, आणि अनामिकता तेथेच संपते. जुना दोष नव्या दाराने आत येऊ शकतो, तो असा. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात योहान पाउवेल्से यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या ट्रिब्लरने २०१४ मध्ये टॉरसारखे थर स्वतःच्या वाटेकऱ्यांतच उभे केले. टॉरवर भार न टाकता त्याची कल्पना तेवढी उसनी घ्यावी, हे त्यामागील तत्त्व.

जपानचा अनुभव या संदर्भात टाळता येणार नाही. टोकियो विद्यापीठातील संशोधक इसामु कानेको यांनी २००२ मध्ये विनी हा अनामिक फाइलवाटपाचा प्रोग्रॅम सादर केला आणि तो तेथे अफाट पसरला. २००४ च्या मे महिन्यात क्योतोच्या पोलिसांनी त्यांना इतरांच्या स्वामित्वहक्कभंगास साहाय्य केल्याच्या आरोपाखाली अटक केली; २००६ मध्ये जिल्हा न्यायालयाने पंधरा लाख येनचा दंड ठोठावला, २००९ मध्ये ओसाकाच्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि २०११ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निर्दोषत्व कायम केले. साधन घडविणारा आणि त्याचा गैरवापर करणारा यांत भेद केला गेला, हे महत्त्वाचे. पण तो भेद पदरी पडेपर्यंत एका माणसाच्या उमेदीची साडेसात वर्षे खर्ची पडली. दुसरीकडे याच विनीतून पसरलेल्या विषाणूंमुळे जपानी पोलिसांचे आणि संरक्षणदलाचे कागद कर्मचाऱ्यांच्या घरच्या संगणकांवरून जगभर फुटले, आणि निनावी जाळ्यातून एकदा निघून गेलेली वस्तू परत आणता येत नाही याचा कठोर धडा त्या देशास मिळाला.

५. पक्ष आणि प्रतिपक्ष

चित्रपटनिर्मात्यांची बाजू प्रथम घेऊ, कारण ती या जिल्ह्याच्या अगदी जवळची आहे. नागराज मंजुळे यांनी संज्ञापनाचे शिक्षण घेतले ते नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात. तेथूनच ‘पिस्तुल्या’ हा लघुपट आणि पुढे त्यास राष्ट्रीय पुरस्कार. अशा वाटेने येणाऱ्या मराठी निर्मात्यापाशी मोठ्या कंपन्यांसारखे भांडवल नसते. पहिल्या दोन आठवड्यांतील तिकीटविक्रीवरच त्याचे सारे अवलंबून असते. २०१६ च्या जूनमध्ये ‘उडता पंजाब’ या हिंदी चित्रपटाची सेन्सॉरकडे गेलेली प्रत प्रदर्शनाच्या दोन दिवस आधीच टॉरेंटवर आली, तेव्हा पत्त्यावरून माग काढणे शक्य होते म्हणून तपास तरी पुढे सरकला. पत्ताच नाहीसा झाला तर फिर्याद कोणाविरुद्ध करावयाची, हा या पक्षाचा प्रश्न आहे, आणि तो पोटतिडिकेचा आहे.

ज्ञानाच्या मुक्त देवघेवीचे कैवारी निराळ्या ठिकाणी बोट ठेवतात. शास्त्रीय नियतकालिकांच्या वर्गण्या ग्रामीण महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर आहेत. लायब्ररी जेनेसिससारखे संग्रह टॉरेंटद्वारेच जिवंत राहिले. शोधनिबंध विनामूल्य खुले करणाऱ्या सायहब या संकेतस्थळाविरुद्धचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात २०२० च्या डिसेंबरात दाखल झाला आणि २०२५ च्या ऑगस्टात त्यावर बंदीचा हुकूम निघाला. मधल्या काळात केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ च्या जानेवारीपासून शासकीय उच्चशिक्षणसंस्थांस सुमारे १३,००० नियतकालिके खुली होण्याची सोय तीत आहे. ही योजना नीट राबविली गेली, तर या पक्षाच्या युक्तिवादातील बराचसा जोर ओसरेल. मात्र खाजगी महाविद्यालयातील शिक्षक, स्वतंत्र अभ्यासक, शेतीत प्रयोग करणारा पदवीधर हे तीत बसत नाहीत.

तिसरा पक्ष उघडकीस आणणाऱ्यांचा, आणि प्रस्तुत लेखकास तो सर्वांत वजनदार वाटतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथून अण्णा हजारे यांनी चालविलेल्या आंदोलनाचा महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्यात आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात मोठा वाटा आहे; सरकारी दप्तर उघडे व्हावे ही मागणी या मातीतून वर आली. पण दप्तर उघडू पाहणाऱ्याचे स्वतःचे नाव उघडे झाल्याने काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे : तळेगाव दाभाडे येथील जमीनव्यवहार बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा २०१० च्या जानेवारीत भररस्त्यात खून झाला. त्याआधी महामार्ग बांधणीतील भ्रष्टाचाराविषयी पंतप्रधान कार्यालयास पत्र लिहून आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करणारे अभियंता सत्येंद्र दुबे २००३ मध्ये गया येथे मारले गेले. ते पत्र नावासह एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिले होते. नाव विश्वासाने एखाद्या अधिकाऱ्यास सांगणे आणि नाव कोणासच ठाऊक नसणे या दोन अवस्थांतील अंतर या प्रकरणाने रक्ताने अधोरेखित केले.

या गरजेपोटी घडलेले फाइलवाटप टॉरेंटपेक्षा अगदी निराळ्या जातीचे आहे. ॲरन स्वार्ट्झ आणि केव्हिन पोल्सन यांनी आरंभिलेले आणि २०१३ पासून फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशनने चालविलेले सिक्युअरड्रॉप वृत्तपत्रांस निनावी कागद स्वीकारण्याची सोय देते. मायका ली यांनी २०१४ मध्ये रचलेले ओनियनशेअर तर कोणाही व्यक्तीच्या संगणकास काही वेळापुरते टॉरच्या आतले कपाट बनविते. फाइल त्यात टाकली की एक लांबलचक पत्ता तयार होतो. तो ज्यास कळविला तोच ती उतरवू शकतो, आणि उतरवून होताच ते कपाट आपोआप बंद होते. मधे कोणाचीही यादी नाही, निर्गमनकेंद्र नाही, हजारो वाटेकरी नाहीत. टॉरेंटला टॉर जोडण्यास विरोध करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा यास आक्षेप नाही, कारण माल थोडा आणि वाट आतल्या आत.

तपासयंत्रणांचे म्हणणे या सर्वांच्या आड येते, आणि ते हलकेपणाने झटकून टाकण्याजोगे नाही. ज्या पडद्याआड अभियंता उभा राहतो, त्याच पडद्याआड बालकांच्या अत्याचाराची चित्रे वाटणाराही उभा राहतो. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे २०१४ मध्ये आणि रशियात २०१७ मध्ये निर्गमनकेंद्र चालविणाऱ्यांवर त्यांच्या केंद्रातून दुसऱ्याने पाठविलेल्या मजकुरापायी खटले आले. पहिल्यात शिक्षा झाली. दुसऱ्यातील आरोप पुढे मागे घेतले गेले. वाहकास किती जबाबदार धरावे, यावर जगात एकवाक्यता नाही.

६. आपला कायदा

आपल्याकडे टॉर अथवा आयटूपी वापरणे हा स्वतःहून गुन्हा नाही. गुन्हा ठरतो तो मालावरून. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०२३ च्या चलच्चित्र सुधारणा कायद्याने चित्रपटांच्या चोरट्या ध्वनिचित्रमुद्रणास व प्रदर्शनास दंडाची मर्यादा निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढविली. महाराष्ट्र सायबर विभागाने २०१७ मध्ये बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कक्षही उभारला.

न्यायालयांचे धोरण मात्र एकसुरी नाही. ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या संदर्भात २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम नाकारला, प्रत्येक दुवा तपासून प्रतिज्ञापत्रावर सादर करण्यास सांगितले, आणि नुसते पाहणे हा गुन्हा नव्हे, वाटणे आणि प्रदर्शित करणे हा गुन्हा, असेही नमूद केले. टॉरेंटच्या बाबतीत या भेदास धार येते, कारण तेथे घेणारा प्रत्येक जण घेता घेताच वाटीत असतो. उलट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ च्या एप्रिलात १३३७एक्स या टॉरेंट संकेतस्थळाविरुद्धच्या दाव्यात नवनव्या नावांनी उगवणाऱ्या प्रतिकृतींसही लागू होणारा मनाई हुकूम दिला. हे सारे हुकूम पत्ता आणि नाव यांवर चालतात. अनामिकतेच्या जाळ्याच्या आत जे घडते तेथे ते पोहोचत नाहीत.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २०२२ च्या एप्रिलात व्हीपीएन चालविणाऱ्यांस ग्राहकांची नावे व पत्ते पाच वर्षे जतन करण्याचे फर्मान काढले, तेव्हा अनेक विदेशी कंपन्यांनी आपली भारतातील यंत्रे हलविली. टॉरच्या स्वयंसेवी केंद्रास ग्राहकच नसतो, मग नोंद कोणाची ठेवणार? त्या निर्देशांत अशा केंद्राचा नामोल्लेख नाही. याच्या दुसऱ्या बाजूस सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल उभा आहे, ज्याने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम ६(२) आहे, ज्यानुसार अर्जदारास संपर्कापुरत्या तपशिलापलीकडे वैयक्तिक माहिती अथवा कारण विचारता येत नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अर्जदाराने केवळ टपालपेटीचा क्रमांक दिला तरी पुरे, असे म्हटले होते. पूर्ण अनामिकता नव्हे, पण तिच्या दिशेने टाकलेले ते पाऊल आहे. तथापि २०१४ चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर होऊनही अंमलात आलेला नाही, आणि त्याच्या मजकुरातही निनावी तक्रारीची दखल घेण्यास मनाईच आहे.

७. जे अद्याप सुटलेले नाही

तांत्रिक बाजूस दोन प्रश्न उघडे आहेत. जो वाटेच्या दोन्ही टोकांवर नजर ठेवू शकतो तो आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रवाहाची वेळ व आकार जुळवून माणूस ओळखू शकतो. वेगवान जाळ्यांपैकी कोणासही याचे पूर्ण उत्तर सापडलेले नाही, आणि अवजड फाइल जितका दीर्घ काळ वाहते तितकी ही जुळवाजुळव सुलभ होते. दुसरा प्रश्न आयटूपीसारख्या बंद जाळ्यांच्या आकाराचा : टॉरच्या मानाने ती लहान आहेत, आणि गर्दी थोडी असली की लपण्याची जागाही थोडी.

कायद्याच्या बाजूस पुराव्याचा प्रश्न मला सर्वांत बिकट वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झालेली आहे. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांस वाटून देतात. म्हणून पत्ता हाती लागला तरी तो माणूस नव्हे. त्यापलीकडे, जालना मतदारसंघाच्या निवडणूक-वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत ती ज्याच्या ताब्यातील यंत्रातून निघाली त्याचा दाखला आवश्यक ठरविला, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नेही तीच रीत पुढे चालविली. आता श्रीगोंद्याच्या वा शेवगावच्या एखाद्या कचेरीतील कारकुनाने ओनियनशेअरमधून नगरच्या वार्ताहराकडे बिलांची फाइल धाडली, तर तिचा दाखला कोणी द्यावयाचा? पाठविणारा पुढे येणार नाही, आणि वार्ताहर आपल्या संगणकापुरतेच सांगू शकेल. व्यवहारात यातून एक वाट निघते : निनावी फाइलने कोणता कागद कोणत्या तारखेचा आहे एवढे कळले, की तोच कागद माहिती अधिकाराखाली नाव घालून मागता येतो, आणि तीस दिवसांत मिळावयाची प्रमाणित प्रत पुराव्यास उभी राहते. परंतु कचेरीने तो कागद उपलब्ध नसल्याचे लेखी कळविले, आणि हातातील निनावी प्रत त्याच्या उलट बोलत असली, तर न्यायालयाने त्या प्रतीस किती किंमत द्यावी, याविषयीचे सूत्र आजच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले नाही.